अव्वांच्या वाटीतला फेस

"फुकू नको!"

अव्वा माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. मी खोली बघायला गेलो होतो. अंगणातल्या बाजेवर टेकलो, हातात कपबशी आली, आणि जन्माच्या सवयीने मी कपावर फुंकर घालणार तेवढ्यात समोरून हुकूम सुटला. मी दचकून कप तसाच तोंडाशी धरून बसलो.

"फुकलं की फेस मरतो. नुसता व्हट लाव."

मी ओठ लावले. जीभ पोळली, पण खोलीची गरज मोठी होती, म्हणून हूं का चूं केलं नाही. वर दोन बोटं पांढरा फेस, त्यात जायफळाचा वास, आणि खाली कुठेतरी कॉफी. कप खाली ठेवला तेव्हा अव्वा माझ्या मिशीकडे टक लावून बघत होत्या. मिशीला फेस लागला होता, हे मला कळत होतं. खिशात रुमाल नव्हता आणि परक्या घरात बाहीला तोंड पुसायची लाज वाटली, म्हणून मी तसाच बसून राहिलो. अव्वांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला. शेजारणीला म्हणाल्या, "फेस मिशीवर घिऊन गपगार बसलाय बघ. मानूस सबुरीचा हाय." आणि मला खोली मिळाली.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गावात साहेब आले, साहेबांमागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून आम्ही कारकून आलो, आणि भाड्याच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. मला नांदेडहून उचलून इकडे टाकलं होतं. आमच्या कचेरीतला एक जण दाल मिलच्या गोदामात तुरीच्या पोत्यांवर झोपायचा आणि सकाळी अंगाला भुसा लावून सहीला यायचा. अशा दिवसांत मिशीच्या भांडवलावर मला माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या छताची, गार, उत्तरेकडे तोंड असलेली खोली मिळाली. नशीब म्हणतात ते हेच, असं मी बायकोला शनिवारी नांदेडला जाऊन सांगितलं.

अव्वा मूळच्या बीदरकडच्या, दिल्या उदगीरला, आणि नवरा वारल्यावर त्याच्या लातूरच्या जागेत येऊन एकट्या राहिलेल्या. दोन्ही लेकी कर्नाटकात नांदत होत्या. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगाने थोराड, आवाज अंगाहून थोराड. बोलणं निम्मं मराठी, पाव कानडी आणि उरलेलं निजामाच्या वेळचं. रागावल्या की कानडीत जायच्या. त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते कळत नसे, पण आपल्याला म्हणाल्या एवढं मात्र नक्की कळे. मला त्या कधीही नावाने हाक मारत नसत. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत 'कारकून' होतो.

या बाईला कॉफीचं वेड लागलं ते चहापायी. एकेकाळी त्या चहाबाज होत्या. पुढे श्रीशैलमला गेल्या असताना देवापुढे काहीतरी सोडायचं म्हणून, आवडती वस्तूच सोडावी लागते म्हणून, त्यांनी चहा सोडला. दर्शन घेऊन बाहेर आल्या, पायऱ्या उतरल्या, आणि समोर हॉटेलात कॉफी दिसली. "देवाला म्या चहाचं बोलले व्हते. कॉफीचा इषयच निघाला न्हाई," असं त्या पुढे सांगायच्या. हे सांगताना चेहरा इतका निरागस असे की देवालाही वाद घालता आला नसता.

पण नुसत्या कॉफीने त्यांचं भागेना. चहाची तल्लफ भागवायची तर कॉफीत काहीतरी जास्तीचं हवं, आणि ते जास्तीचं म्हणजे फेस. फेसाला त्या 'नोरे' म्हणायच्या, तो त्यांच्या माहेरचा शब्द. रोज संध्याकाळी उन्हं उतरली की अव्वा अंगणात पाट मांडून बसायच्या. दूध तापवून, निववून, साय काढून ठेवलेलं असे. "साय हाय तवर नोरे न्हाई. साय जड. माणसाच्या डोक्यात बी साय आली की फेस बसतो," हे एक ठरलेलं वाक्य. उभट पितळी गडव्यात दूध ओतायचं, वीतभर लांबीची रवी त्यात सोडायची आणि दोन्ही तळव्यांत फिरवायची. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. एकदा आमच्या कचेरीतले मोठे साहेब काही चौकशीला म्हणून दारात आले, तर अव्वांनी मान न वळवता त्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं, आणि साहेबही ठेवून उभे राहिले.

फेस झाला की परीक्षा. तुरीच्या डाळीचा एक दाणा वरून अलगद सोडायचा. दाणा वर बसला तर फेस पास. बुडाला तर दूध परत गडव्यात आणि रवी परत हातात. आम्ही भाडेकरू कप घेऊन त्या दाण्याच्या निकालाची वाट बघत बसायचो.

दूध घालायला येणारा गवळी तर या परीक्षेला टरकून असायचा. त्याला उभा करून त्याच्या देखत अव्वा फेस काढायच्या.

"मोठाले बुडबुडे यायलेत. पाणी घातलंस."

"अव्वा, शपत घिऊन सांगतो, पाणी कुठं हाय घालायला? दूध घालणं परवडतंय, पाणी न्हाई परवडत."

आणि ते खोटं नव्हतं. त्या वर्षी पाऊस पळाला होता, त्याच्या आदल्या वर्षीही तो नावापुरताच आला होता. नळ आठवड्यातून कधीतरी खोकल्यासारखा आवाज करायचा आणि गप्प व्हायचा. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. अव्वांचे गुडघे गेलेले होते. एक हात गुडघ्यावर, एका हातात घागर, अशा त्या रांगेत उभ्या राहायच्या. कुणी पुढे बोलावलं तर जायच्या नाहीत. आम्ही पाणी आणून देतो म्हटलं तर म्हणायच्या, "तू कचेरीचं पाणी भर, माझं म्या भरते." कपबशा मात्र पाण्याने धुवायची बंदी झाली. राखेने घासायच्या, फडक्याने पुसायच्या. पण फेस बंद झाला नाही. तो बंद व्हावा असं सुचवायची कुणाची छातीही नव्हती.

मधे गल्लीत एका बड्या आडत्याच्या घरचं लग्न झालं. त्यात सोलापूरहून वाफेचं कॉफीचं मशीन आणलं होतं. त्या काळी लग्नात ते मशीन असणं म्हणजे घराण्याची इभ्रत. तांब्याचं पिंप, त्याला नळी, नळीतून फुस्स करून वाफ दुधात, आणि भसाभस फेस. अव्वा त्या मशीनसमोर उभ्या राहिल्या त्या अक्षता पडल्या तरी हलल्या नाहीत. घरी येऊन निकाल दिला, "वाफंचा फेस. आला तसा गेला." पण मनात ते मशीन बसलं असणार, कारण दोनच दिवसांनी त्यांनी प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आणि दुसरं टोक गडव्यात सोडलं. पुढचं मी खोलीतून ऐकलं, आणि बाहेर येऊन बघितलं तर अव्वा डोक्यापासून पदरापर्यंत दुधाने न्हालेल्या, गडवा तुळशीपाशी पडलेला. मी हसू दाबत होतो. "हस, हस," त्या म्हणाल्या, "दुष्काळात आंघोळ झाली माझी. तुझी झालीया का?"

तर अशा या बाईने त्या उन्हाळ्यात अंगणात बोअर मारायचं ठरवलं. टँकरच्या रांगेला त्या कंटाळल्या होत्या, आणि पाणी लागलं तर भिंतीतून एक तोटी बाहेर काढून गल्लीलाही द्यायची, असं त्यांनी सगळ्यांना बोलून दाखवलं होतं. बोअर कुठे मारायची हे दाखवायला दोन पाणाडी बोलावले. पहिल्याने तळहातावर नारळ उभा धरून अंगणभर चकरा मारल्या आणि दाराजवळ खूण केली. दुसऱ्याने कडुनिंबाची बेचकी धरली आणि बरोबर उलट्या टोकाला खूण केली. दोघांनाही अव्वांनी कॉफी दिली. पहिल्याने फुंकर मारून फेस उडवला. दुसऱ्याने कॉफी प्यायली आणि फेस कपाच्या तळाशी तसाच ठेवून उठला. दोघेही गेल्यावर अव्वा कपात बघत बसल्या. "ज्याला कपातला फेस दिसंना, त्याला जिमिनीतलं पाणी काय दिसणार? साकु. बास झालं."

आणि त्यांनी स्वतःचीच विद्या काढली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फेस उन्हाने, कोरड्या हवेने मरतो. जिथे तो जास्त टिकतो तिथे गारवा असतो, आणि जिथे गारवा तिथे खाली पाणी. संध्याकाळी एकाच गडव्यातला फेस सात-आठ वाट्यांत काढला, प्रत्येकीत डाळीचा दाणा ठेवला, आणि वाट्या मांडल्या. अंगणात, दारात, न्हाणीमागे, भाडेकरूंच्या खोल्यांत. आम्ही सगळे वाटीवाटीपाशी उकिडवे बसलो. अंगणातले दाणे भराभर बुडाले. पत्र्याच्या खोल्यांतले त्यांच्यामागून बुडाले. माझ्या खोलीत, पलंगाखाली ठेवलेल्या वाटीतला दाणा मात्र बसून राहिला. अव्वा आल्या, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हितं हाय पाणी. तुझ्या पलंगाखाली."

मी आपला शहाणपणा केला. "अव्वा, ही खोली माळवदाची आहे. इथे ऊन नाही, वारा नाही, म्हणून फेस टिकतो."

"आन् गारवा कशानं हाय? खाली पाणी हाय म्हणून."

"गारवा माळवदामुळे आहे!"

"बाकीच्यांनी बी घातलं असतं माळवद. का न्हाई घातलं? पाणी न्हाई खाली, म्हणून."

बोअरची गाडी आत यायची तर समोरची भिंत पाडायची, वरचं माळवद उतरवायचं, असं ठरलं. मला म्हणाल्या, "तू बघ कुठंतरी. पाणी लागलं की पयली घागर तुझी."

घागर घेऊन मी कुठे बसणार होतो? लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि आमचा सगळा संसार शनिवारच्या एस्टीत चालला होता. नांदेडच्या आमच्या घरात माणसं जास्त आणि भिंती कमी. बायकोने लातूरला येण्यासाठी सासऱ्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठ्या मुश्किलीने परवानगी मिळवली होती. ती त्याच आठवड्यात ट्रंक घेऊन येणार होती. खोली गेली तर तिला परत नांदेडला धाडावं लागणार, आणि मग पुन्हा कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. गावात खोली मिळणं म्हणजे पाणी मिळण्याइतकंच अवघड झालं होतं.

मला तिला कळवायचं धाडस झालं नाही. ती आली. स्टँडवरून घरापर्यंत येताना मी तिला सगळं सांगितलं. ती भोकरच्या शेतातली, फारशी घाबरणारी नाही. तिने एवढंच विचारलं, "कशावरनं ठरवलं म्हणालात? फेसावरनं?"

अव्वांनी कॉफी दिली. बायकोने फुंकर मारली नाही, फेस ओठांनी ओढून घेतला, मग म्हणाली, "अव्वा, रवी जरा मला द्या की." आणि त्या बाईने, जिने साहेबाला तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं, चक्क रवी दिली. बायकोने फेस काढला. दाणा वर ठरला. अव्वा खूश.

"पोरीच्या हातात नोरे हाय."

"मग माझ्या हातानं एकदा करून बघू का वाट्या? तुमचा हात तो तुमचा. पाण्याचं काम हाय, दोन हातांनी एकच जागा दाखवली तर शंका ऱ्हाणार न्हाई."

अव्वांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा वाट्या मांडल्या गेल्या. या वेळी सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला तो न्हाणीमागचा, धुण्याच्या दगडाजवळचा फेस. माझ्या पलंगाखालचा दाणा केव्हाच तळाला गेला होता. मला हर्ष झाला, पण बायकोकडे बघायचं मी टाळलं, कारण सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक तांब्या मी आमच्या खोलीच्या कोपऱ्यात बघितला होता. त्यातल्या गार, दोनदा साय काढलेल्या दुधाचा फेस कुठल्या वाटीत गेला, हे विचारायची गरज नव्हती. पलंगाखालच्या वाटीत काय होतं तेही मी विचारलं नाही.

अव्वा न्हाणीमागे गेल्या. दगडाजवळची वाटी उचलली, तळहातावर घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग बायकोकडे बघितलं.

"बरं. हितं मारू."

बोअरची गाडी आली ती तमिळनाडूकडची. तिच्यावरचा मुख्य गडी तमिळ बोले, अव्वा त्याच्याशी कानडी बोलत, आणि दोघांचं उत्तम जमलं होतं. सकाळी काम सुरू झालं. आधी मुरमाची लाल धूळ, मग दगडाची पांढरी. अंगण, तुळस, बाज, आमच्या भुवया, सगळं पांढरं झालं. गल्ली सगळी भिंतीवर चढून बसली होती. पाइपामागून पाइप खाली जात होता आणि धुळीमागून धूळ वर येत होती. ओल म्हणून नाही. दुपार टळली तेव्हा बायको माझ्या शेजारी उभी होती, आणि तिचा चेहरा धुळीपेक्षा पांढरा झाला होता.

शेवटी गड्याने मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. तो अव्वांकडे आला आणि हात हलवून म्हणाला, "तण्णी इल्ले, अम्मा."

पाणी नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

भिंतीवरून एक जण ओरडला, "अव्वा, आता खोलीतच मारा! तुमचा फेस तिथंच टिकला व्हता. गाडी दारात हाय तवर मारून घ्या." बाकीच्यांनीही री ओढली. गाडी परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. गावागावांत तिची वाट बघत होते. गडी अव्वांकडे बघत उभा होता.

तेव्हा बायको पुढे गेली. सगळ्यांदेखत. "अव्वा, माझी चूक झाली. ती वाटी खोटी व्हती. गार दुधाचा फेस व्हता त्यात. खोली जाऊ ने म्हणून केलं म्या." आणि रडायला लागली.

अव्वा बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर गडवा, हातात रवी. गाडीवरच्या माणसांना कॉफी द्यायची म्हणून त्यांनी दूध घेतलं होतं, आणि त्या दुधावरही धुळीचा थर बसला होता.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "वाटी हातात घेतली तवाच गार लागली. एवढी वर्सं दूध हातात घेतलंय म्या."

"मग तिथं का मारू दिली?" बायकोने विचारलं.

"म्हटलं, पोरीला एवढी वढ लागलीया, तिथं बी असंल येखांदी पाण्याची झिर. न्हाई निघाली. आता काय करावं?"

"मग खोलीत मारा, अव्वा. आम्ही जातो. मी जाते नांदेडला वापस."

अव्वांनी तिच्याकडे बघितलं. मग गड्याकडे वळून हाताने फाटक दाखवलं. "ने बाबा गाडी. झालं."

भिंतीवरचे ओरडले. "आवो अव्वा, खोलीत हाय की पाणी! तुमीच म्हणला व्हता!"

"हाय," अव्वा म्हणाल्या. "पण खोलीत मानसं ऱ्हातेत." आणि बायकोला म्हणाल्या, "रडू नको. ह्या दुधात धूळ पडलीया, दुसरं घे. गाडीवरच्या लोकांना कॉफी प्यायाची हाय."

आम्ही त्या खोलीत पुष्कळ वर्षं राहिलो. आमचा मुलगा तिथेच रांगायला लागला. त्याच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी काढणं हा अव्वांचा रोजचा खेळ होता. दुष्काळ आले, गेले, परत आले. टँकर येत राहिला. अव्वा रांगेत एक हात गुडघ्यावर ठेवून उभ्या राहत, आणि आता त्यांची घागर बायको जबरदस्तीने ओढून घेई. बोअरचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. मग माझी बदली नांदेडला झाली आणि आम्ही सामान बांधलं. निघताना अव्वांनी कॉफी केली. दाणा ठेवला नाही. "आज पास-नापास काय न्हाई," म्हणाल्या.

महिनाभरानंतरची गोष्ट. लातूर-नांदेड गाडीचा कंडक्टर माझ्या कचेरीत येऊन उभा राहिला. "लातूरहून आलेले कारकून तुम्हीच का? अव्वांचा निरोप हाय." त्याने आठवून आठवून, एकेक शब्द जपून सांगितला. "पोरीला सांगा म्हणाल्या, भिंत पाडली, बोअर मारली. पाणी लागलं. पलंग व्हता त्याच्या बरोबर खाली. कारंजं उडालं म्हणाल्या, माळवद व्हतं त्याच्या बी वर."

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती हसली, मग जमिनीवरच बसली. तो योगायोग होता, असं मी तिला म्हणालो. लातूरच्या काळ्या दगडात पाणी कुठेही लागतं आणि कुठेही लागत नाही, असंही म्हणालो. ती ऐकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही ऐकत नव्हतो. मला दिसत होती ती टँकरची रांग. इतकी वर्षं ती बाई गुडघा धरून त्या रांगेत उभी राहिली होती, आणि पाणी कुठे आहे हे तिला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं.